वार एक की दोन?

पोरी,

तुझा मेसेज वाचून आधी हसूच आलं. बारा आठवडे झालेत, पोट अजून दिसत नाही, आणि तुला काळजी की जुळी हुबेहूब निघाली तर ओळखायची कशी! प्रसूतीच्या वॉर्डात जन्म गेला माझा. आई ओळखतेच गं, निदान रडण्यावरून.

जोडकेळं खाल्लंस म्हणून जुळी राहिली असं आजी म्हणतात ना, म्हणू देत. सासूबाई मात्र त्यांच्या माहेरची जुळी मोजून दाखवतायत, ते जरा तपासू. एका महिन्यात दोन बीजं सुटली तर द्विबीज जुळी होतात. ती बीजं तुझी, त्यांच्या मुलाची नव्हेत. तेव्हा घराणं बघायचंच तर तुझं. एकबीज जुळ्यांना बहुधा घराणं लागतच नाही. एकच गर्भ दुभंगतो, आणि हे जगात सगळीकडे हजारात साधारण चार बाळंतपणांत घडतं. हे सासूबाईंना ऐकवू नकोस. श्रेय देऊन मोकळी हो.

आता कामाचं. बाळं सारखी की वेगळी हे नंतर बघू, आधी वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारी प्लॅसेंटा, एक आहे की दोन ते विचार. रिपोर्टमध्ये ‘मोनोकोरिऑनिक’ लिहिलं असेल तर वार एकच, आणि मग जुळी एकबीज हे जवळजवळ नक्की. ‘डायकोरिऑनिक’, म्हणजे वार दोन, असेल तर मात्र तुझं कोडं सुटत नाही. गर्भ पहिल्या तीनेक दिवसांतच दुभंगला तर एकबीज जुळ्यांनाही आपापली वार मिळते. साधारण तीनांतल्या एका जोडीचं असं होतं. त्यातून दोन्ही शेजारी चिकटल्या की एकच वाटते. म्हणून दोघांमधला पडदा वारेला जिथे मिळतो तिथे बघतात. वारेची त्रिकोणी चोच पडद्यात शिरलेली दिसली तर दोन. पातळ पडदा सरळ काटकोनात टेकला असेल तर एक. ही खूण ११ ते १४ आठवड्यांत सगळ्यात स्वच्छ दिसते, पुढे पुसट होत जाते. म्हणून याच आठवड्यात जा.

एवढी घाई का? एका वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात, आणि अशा शंभरातल्या दहा-पंधरा जोड्यांत एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त वाहू लागतं. ते वेळेत कळावं म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करतात. दोघांची वार वेगळी असेल तर महिन्याने चालतं.

परदेशातल्या तुझ्या मैत्रिणीला एक मुलगा, एक मुलगी असल्याचं सोनोग्राफीतच कळलं आणि तिचा प्रश्न मिटला. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने ते सांगायला बंदी आहे. का आहे, ते मी वॉर्डात पुरेसं पाहिलंय. तू विचारूही नकोस. जन्मल्यावर रक्तगट वेगळे निघाले तर द्विबीज. तेही जुळले आणि उत्सुकता शिल्लक असेल, तर गालाच्या आतला नमुना देऊन डीएनए तपासणी होते.

जाताना जुना रिपोर्ट ने. ‘मोनो’ की ‘डाय’ तो शब्द लिहिलेला नसेल तर तिथेच बसून लिहून घे. आणि फोटो मला पाठव, चोच मलाही बघायचीय.

तुझी,
मावशी