दोन फायली डिस्कवर एकाच जागेत आहेत का, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न: बीटीआरएफएसवर (लिनक्समधली एक फाइलसिस्टम) ४० जीबीची फाइल रीफ्लिंकने (डेटा पुन्हा न लिहिता, मूळच्याच जागेकडे बोट दाखवून) कॉपी केली, पण डीयू (जागा मोजणारी कमांड) ८० जीबी दाखवतं, मग जागा वाचली की नाही?

डीयूवर विसंबू नका. ते प्रत्येक फाइलचे ब्लॉक वेगळे मोजतं. आयनोड (फाइलसिस्टममधला फाइलचा क्रमांक) जुळवूनही उपयोग नाही, तो हार्डलिंकचा (एकाच फाइलला दोन नावं) पुरावा; रीफ्लिंकमध्ये आयनोड वेगळेच असतात.

आधी सिंक करा, म्हणजे डेटा डिस्कवर लिहून घ्या (ताजा डेटा अजून मेमरीत असेल तर त्याला पत्ताच नसतो), मग दोन्ही फायलींवर फाइलफ्रॅग (फाइलचे तुकडे डिस्कवर कुठे आहेत ते दाखवणारी कमांड), व्ही पर्यायासह चालवा आणि फिजिकल ऑफसेटचे (डिस्कवरच्या पत्त्याचे) रकाने शेजारी ठेवून बघा. आकडे आणि लांबी जुळली, तर डेटा एकच. शेवटच्या रकान्यात नुसतं 'शेअर्ड' दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका: तो तुकडा कुणातरी तिसऱ्याशी, बहुतेक वेळा जुन्या स्नॅपशॉटशी (आधी जतन केलेल्या स्थितीशी), वाटलेला असू शकतो. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टमवरही हीच युक्ती चालते.

बीटीआरएफएसवर मात्र दोन खड्डे आहेत. अगदी छोट्या फायली मेटाडेटातच (फाइलसिस्टमच्या स्वतःच्या नोंदींत) राहतात. त्यांच्यापुढे 'इनलाइन' येतं आणि ऑफसेट शून्य, म्हणून दोन शून्यं जुळणं म्हणजे काहीच नाही. कॉम्प्रेशन असेल तर 'एन्कोडेड' दिसतं. तिथे ऑफसेट फक्त दाबलेल्या तुकड्याची सुरुवात सांगतो, त्यातला कुठला भाग ते नाही.

नुसता हिशेब हवा असेल तर 'बीटीआरएफएस फाइलसिस्टम डीयू' या कमांडला फक्त या दोन फायली असलेलं फोल्डर द्या; फायली सुट्या दिल्या तर 'सेट शेअर्ड' प्रत्येकीचं वेगळं मोजलं जातं. फोल्डरच्या ओळीत 'एक्सक्लुझिव्ह' (कुणाशीही न वाटलेली जागा) शून्याजवळ आणि 'सेट शेअर्ड' (वाटलेली जागा, एकदाच मोजून) ४० जीबीच्या आसपास आलं, की जागा वाचली.