अनुभव नाही म्हणून पहिली नोकरी मिळत नाही, रत्नागिरीतच काम मिळेल का?

तू लिहिलंयस की देवरुखचा आहेस, इलेक्ट्रिशियन ट्रेडचं आयटीआय यंदा झालं, जिथे जावं तिथे अनुभव मागतात आणि घरचे म्हणतात, मुंबईला काकांकडे जा. मीही याच ट्रेडचा. वयाने मोठा आहे म्हणून अरेतुरे करतो.

काम मिळेल. फक्त आपल्याकडे नोकरी शोधायचाही हंगाम असतो, हे मला फार उशिरा कळलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हाच बर्फाचे कारखाने मशिनरी खोलतात, मोटारी रिवाइंडिंगला पाठवतात, पॅनल दुरुस्त करतात. ऑगस्टच्या पहिल्या दिवसापासून बर्फ लागणार, त्यामुळे जुलैत त्यांना माणूस हवाच असतो. आंब्याच्या कॅनिंगवाल्यांचं उलटं. त्यांची घाई एप्रिल-मेला, म्हणून फेब्रुवारीतच जाऊन विचारायचं. मी ऑक्टोबरात अर्ज टाकत बसलो होतो.

त्याआधी मुंबईत एका एजंटला नोंदणीचे म्हणून तीन हजार दिले होते. वडिलांनी काजूच्या पैशांतून काढून दिलेले. तो परत भेटलाच नाही. नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याकडून उठून सरळ बाहेर ये, मग ऑफिस कितीही चकचकीत असो.

शेवटी जुलैत रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात गेलो. आत अमोनियाचा वास, बाहेर धो धो पाऊस. फोरमन काकांनी माझे कागद बघितलेच नाहीत. कॉम्प्रेसरच्या मोटारीचा स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे मोठी मोटार चालू करायची पेटी, दाखवून म्हणाले, "हा खोलून साफ कर." मी आधी मेन स्विच पाडला, चुकून कुणी चालू करू नये म्हणून फ्यूज काढून खिशात ठेवले, टेस्टर लावून बघितला आणि मगच झाकण उघडलं. खाऱ्या हवेने टर्मिनल हिरवी पडली होती. एकेक वायर सोडायच्या आधी तिला चिकटपट्टी लावून नंबर लिहिला, पॉलिश पेपरने घासलं, परत जोडलं. तासभर गेला असेल. काका म्हणाले, "फ्यूज खिशात ठेवलास ते बघितलं मी. उद्यापासून ये." पगार थोडाच होता, पण वर्षाने लोट्याच्या एमआयडीसीत गेलो तेव्हा "अनुभव?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं.

तुझ्यासाठी आणखी एक रस्ता आहे आणि मी तरी आधी तोच धरीन: अप्रेंटिसशिप. ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत, तिला १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. म्हणजे तू उपकार मागायला जात नाहीस. विद्यावेतन मिळतं आणि नंतर प्रमाणपत्र. केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी कर, महावितरणच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. पण नोंदणी करून घरी बसू नकोस. लोटे-परशुराम, मिरजोळे, खेर्डी या एमआयडीसींत स्वतः जा, गेटवर नुसतं "जागा आहे का" विचारू नकोस, "मेन्टेनन्सचे साहेब कधी भेटतात" असं विचार. तुझ्या आयटीआयच्या निदेशकांनाही भेट. कारखान्यांतले जुने विद्यार्थी त्यांना फोन करून पोरं मागतात, आणि ही मागणी जाहिरातीत कधीच येत नाही. मला लोट्याचं काम तसंच कळलं.

कुठेही लागलास की नेमणुकीचं पत्र माग. नोकरी पक्की असेल तर पीएफ कापतात का, तेही पहिल्याच आठवड्यात विचार. अनुभवाचा कागद नसेल तर वर्षभर राबूनही पुढच्या गेटवर पुन्हा नवखाच ठरशील.

मुंबईला जाणं वाईट नाही, माझे दोन्ही भाऊ तिथेच आहेत. पण काकांच्या खोलीत पाचवा माणूस म्हणून, हातात काही नसताना जाणं फार जड जातं. मी तशाच एका खोलीत चार महिने काढलेत. घरच्यांना सांग, वर्षभर इथे अप्रेंटिसशिप करतो, मग मुंबईचं बघू. पटत नसेल तर आयटीआयच्या सरांना घरी चहाला बोलव, आमच्या घरी सरांनी सांगितल्यावरच वडील ऐकले.