घरातल्या तऱ्हेवाईक माणसांबद्दल आठवणी लिहिताना विनोद कसा साधायचा?

विशेषणाने सुरुवात करू नका. 'आमचे काका फार तऱ्हेवाईक' असं आधीच सांगितलं की वाचकाला शोधायला काही उरत नाही. कृती लिहा: काका निघताना कुलूप तीनदा ओढून बघतात, फाटकापर्यंत जातात, परत येऊन चौथ्यांदा ओढतात. काकू तोवर रिक्षावाल्याला थांबवून धरतात.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची (पहिला भाग १९३४) सुरुवात यासाठी जरूर वाचा. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक रंगवण्याआधी त्या त्याचं मूळ सांगतात: १८५७च्या बंडानंतर आजोबांना झालेली फाशी. त्यामुळे आपण हसतो, पण वडिलांची टिंगल होत नाही. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

बिघडतं कुठे? एकाच सवयीचे प्रसंग लागोपाठ दिले की तिसऱ्यालाच वाचक कंटाळतो. दोनच ठेवा, मध्ये चार-पाच पानं जाऊ द्या, आणि दुसऱ्यात त्या सवयीचा त्रास कोणी सोसला तेही येऊ द्या. संवाद घरच्याच बोलीत हवेत. पुस्तकी मराठीत आणले की त्यातली गंमत मरते. हयात नातेवाइकांचं आजारपण किंवा पैशांची भांडणं लिहिली असतील, तर छापण्याआधी तेवढी पानं त्यांना वाचायला द्या.