काल्पनिक जगातलं बंड खरं कसं वाटेल?

तुम्ही विचारलंय, कादंबरीतल्या राज्यात बंड होतं पण ते खोटं वाटतं, काय करू? आधी घाट कोण राखतं ते ठरवा. आमच्या खानदेशात १८१८ नंतर इंग्रज आले, डोंगरवाटा राखणाऱ्या भिल्लांचे जुने हक्क बुडाले आणि उठाव पेटले. मग १८२५ मध्ये इंग्रजांनी भिल्लांचीच पलटण उभारली. भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक तर इंग्रजांच्याच चाकरीत सातपुड्यातला सेंधव्याचा घाट राखायचा. त्याला प्रत्येक वळण, प्रत्येक झिरा पाठ असणार. तोच १८५७ मध्ये उलटला, ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणी या ठिकाणी इंग्रजांशी लढला. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. तुमच्या बंडखोरालाही आधी असा पहारा द्या. तलवारी, ड्रॅगन नंतर बघू.