कूलरसमोरची मूर्ती : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गडचिरोलीहून आणलेलं सागवानाचं अडीच फुटी शिल्प हॉलमध्ये कूलरसमोर ठेवलं होतं. मेच्या पहिल्याच आठवड्यात छातीपासून पायापर्यंत चीर गेली. एम-सील भरून टाकू का?
— एक वाचक, मनीषनगर

नका. निदान उन्हाळ्यात तरी मुळीच नका. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडच्या, नागपूरच्या हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली उतरते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या वर जाते. त्याप्रमाणे लाकूड आकसतं, फुगतं. पण लांबीत नव्हे, रेषांना आडवं. म्हणून चीर उभी जाते. आत्ता फटीत कडक होणारं काही भरलंत, तर पावसाळ्यात लाकडाला फुगायला जागाच उरत नाही. ते भरण पाचरीसारखं रेटा देतं आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारी नवी चीर पडते.

कूलरने त्रास वाढतो. तो सुरू असताना शिल्पाची समोरची बाजू ओलसर हवा खाते. बंद केला की खोली पुन्हा कोरडी. समोरचा भाग रोज फुगतो-आकसतो, पाठ मात्र तशीच राहते. शिवाय बोअरच्या जड पाण्याचे तुषार उडत असतील, तर पॉलिशवर पांढरे ठिपके पडतात. शिल्प झोताच्या रेषेतून पूर्ण बाहेर काढा, किमान ८ फूट दूर न्या. पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तापलेली असते, तिला टेकवू नका. आतली भिंत चांगली, मागे २ इंच जागा मोकळी ठेवून.

ऑगस्टअखेरीस चीर पुन्हा बघा. केसाएवढी असेल तर बहुधा मिटलेली दिसेल. उरली असेल तर मधमाश्यांच्या मेणात लाकडाच्या रंगाची पूड मिसळा, कोमट करा आणि बोटाने दाबून भरा. मेण मऊ असतं, ते लाकडाला हलू देतं. फट ५ मिलिमीटरहून रुंद असेल तर सागाचीच पातळ फाचर बसवून घ्या, पण गोंद तिच्या एकाच बाजूला लावायला सांगा.

नंतर जवसाचं तेल. घाण्याचं कच्चं तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड घ्या. पातळ हात मारा, १५ मिनिटांनी पुसून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. तळ आणि पाठ सोडू नका. पॉलिश बहुधा दर्शनी भागालाच केलेलं असतं आणि ओलावा सगळ्यात वेगाने आत-बाहेर होतो तो उघड्या तळातून, कारण तिथे लाकडाच्या रेषांची टोकं असतात. आणि हे कृपा करून पाळा: तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, चिंध्यांच्या गोळ्यात ती साठते आणि चिंध्या काडी न लावता पेट घेतात. प्रत्येक चिंधी वेगळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

काळ्या पाषाणाची ३ फुटी नर्तकी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ठेवायची आहे. स्लॅबला झेपेल का? दुकानात छान दिसली होती, घरी सपाट तर दिसणार नाही ना?
— एक वाचक, धरमपेठ

आधी वजन काढा. ३ फूट उंच, सव्वा फूट रुंद, १ फूट खोल म्हणजे पावणेचार घनफूट. कोरलेल्या मूर्तीत त्यातला साधारण ६० टक्के भाग दगडाचा धरा, सव्वादोन घनफूट. काळा पाषाण घनफुटाला ८० किलोच्या आसपास भरतो, म्हणजे १८० किलो. घरांच्या स्लॅबवर चौरस मीटरला २०० किलोचा वापरता भार (माणसं, सामान यांचा) धरतात. पण तुमच्या मूर्तीचं वजन दोन चौरस फुटांत एकवटेल आणि तिथून कधी हलणार नाही. म्हणून मूर्ती तुळईच्या रेषेवर किंवा कॉलमजवळ ठेवा. खोलीच्या मध्यावर नको, बाहेर आलेल्या बाल्कनीत तर नकोच. इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

विटांचा चौथरा बांधू नका; दीड फुटाचा घन चौथरा स्वतःच मूर्तीइतका जड होतो. ४० मिलिमीटरच्या लोखंडी अँगलची चौकट करून तिला प्लाय मढवून घ्या. खाली १८ मिलिमीटर प्लायचा २ बाय २ फुटांचा पाट आणि त्याखाली रबरी मॅट. त्याआधी फरशी बोटाच्या पेराने ठोकून पाहा. टाइलखाली पोकळ आवाज आला तर ती तडकणार हे नक्की, तेवढी उखडून पुन्हा बसवून घ्या.

उंचीचं बहुतेक घरांत चुकतं. हॉलमध्ये आपण शिल्प सोफ्यावर बसून बघतो आणि बसलेल्या माणसाचे डोळे साडेतीन-चार फुटांवर असतात. तुमच्या मूर्तीला दीड फुटाचा चौथरा दिला की चेहरा बरोबर तिथे येतो.

सपाट दिसेल की नाही, हे दिव्यावर आहे. छतातल्या चौकोनी एलईडी पॅनेलचा उजेड सगळीकडून सारखा पडतो आणि सावली खाऊन टाकतो. सावली गेली की कोरीवकाम गेलं. एकच स्पॉटलाइट घ्या: ७ वॅट, २४ अंशांचा झोत, ३००० केल्विन (पिवळसर उजेड). छत १० फुटांवर आणि चेहरा ४ फुटांवर असेल, तर दिवा मूर्तीच्या साडेतीन फूट पुढे आणि थोडा एका अंगाला बसवा, म्हणजे उजेड सुमारे ३० अंशांत तिरका येईल. लावायच्या आधी अंधारात मोबाइलचा टॉर्च हातात धरून दोन्ही बाजूंनी फिरवून बघा. कोणत्या अंगाने नाकाची आणि पैंजणांची सावली उठून येते, ते लगेच कळतं. मागची भिंत फिकी ठेवा. गडद भिंतीपुढे काळा दगड बुडून जातो.

बस्तरचा ढोकऱ्याचा घोडा काळवंडलाय. पितांबरी लावली तर?
— एक वाचक, महाल

देवाच्या समईला लावतो तशी इथे लावू नका. ढोकऱ्यात, म्हणजे मेणाच्या नमुन्यावरून ओतलेल्या पितळी कामात, मेणाच्या सुतांची नक्षी असते आणि खाचांतला काळेपणा हेच तिचं रेखाटन. आम्लाने तो जातो, घोडा एकसारखा पिवळाधमक होतो आणि पावडर खाचांत अडकून पुढे हिरवी होते. चिंच-लिंबाने वारंवार घासलं तर वरच्या थरातलं जस्त निघून पितळ गुलाबी पडतं. बादलीत बुडवू तर नकाच. पोटात बहुधा ओतकामाची माती तशीच असते, ती पाणी धरून ठेवते. जुन्या मऊ टूथब्रशने कोरडी धूळ काढा आणि वर्षातून एकदा मेणाचा पुसट हात द्या. संपलं.

चितार ओळीतून आणलेली मातीची मूर्ती गॅलरीत ठेवली तर चालेल?
— एक वाचक, नंदनवन

भाजलेली असेल तरच, तीही पावसाच्या माऱ्यापासून आत. नखाने टिचकी मारा: भाजलेली खणखणते, कच्ची बद्द वाजते. तरी शंका असेल तर तळाला पाण्याचा एक थेंब लावून बोट फिरवा. बोटाला चिखल आला तर मूर्ती कच्ची आहे, शोकेसमध्येच ठेवा. भाजलेलीसुद्धा ओल्या फरशीवर थेट ठेवली की लोणा लागतो आणि पापुद्रे सुटतात. खाली टाइलचा तुकडा ठेवा.

बुद्धाचं मुखशिल्प प्रवेशद्वाराशी, चपलांच्या कपाटावर ठेवलंय. पाहुण्यांना खटकलं. खरंच चुकतंय का?
— एक वाचक, बेसा

हो. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे, तिथे घरोघरी या चेहऱ्यापुढे वंदना होते. चपलांवर आणि जमिनीलगत नको. बसलेल्या माणसाच्या नजरेच्या वर, स्वच्छ भिंतीशी ठेवा. शिल्प म्हणूनही ते तिथे जास्त शोभेल.

रामटेकजवळच्या शेतात नांगरताना कोरीव दगड निघाला. बंगल्याच्या बागेत मांडावा म्हणतो.
— एक वाचक, काटोल रोड

मांडू नका. रामटेक-मनसरचा हा पट्टा वाकाटक या प्राचीन राजघराण्याचा आहे. १० रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुन्या दगडी शिल्पाची नोंदणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याने बंधनकारक आहे. दगड धुऊ नका, घासू नका, शेंदूर लावू नका. चिकटलेल्या मातीतूनही अभ्यासकांना बरंच कळतं. सापडला तिथेच ताडपत्रीखाली राहू द्या, शेजारी मोजपट्टी ठेवून चारी बाजूंनी फोटो काढा आणि ते घेऊन आधी तहसील कार्यालय गाठा.