आधी प्रश्न, मग फोन

पोरी,

परवा रात्री तुझा साडेसहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला, दोनदा ऐकला. वर्गाच्या इन्स्टा पेजवरच्या कवितेच्या रीलला चार हजार व्ह्यूज गेले, केंद्रप्रमुखांनी ग्रुपवर टाळ्या टाकल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यातल्या एका मुलीचा चुलता शाळेत येऊन नाही नाही ते बोलून गेला. आता पेज ठेवू का उडवू, विचारतेस. उडव. पण खरं विचारायचं ते तू विचारलंच नाहीस, की त्या रीलमधनं चौथीची पोरं शिकली काय? कविता तर त्यांना आधीच पाठ होती. शिकलीस ती तू, एडिटिंग.

राग मानू नको. मी काही मोबाईलवर दात खाणारा म्हातारा नाही. 2015 ला सरकारचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला तेव्हा तालुक्यातल्या पहिल्या 'तंत्रस्नेही', म्हणजे वर्गात मोबाईल-कॉम्प्युटर वापरणाऱ्या मास्तरांपैकी मी एक, वर्गणीतनं प्रोजेक्टर घेतलेला, रोज ग्रुपवर फोटोंचा पाऊस. परितेवाडीच्या डिसले सरांचं बघून आम्ही पण पुस्तकांना क्यूआर कोड चिकटवत सुटलो, सरांना 2020 ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं ते नुसतं कोड चिकटवण्याबद्दल नाही, पोराला काय अडतंय ते आधी बघितलं म्हणून, आणि आम्ही नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं उचललं. आधी प्रश्न, मग फोन. एवढं साधं कळायला माझी नोकरी संपत आली.

आणि कळलं तेही कशामुळं सांगतो, घरात सुद्धा कधी बोललो नाही. 2018 चा जून. पोरं पळवणारी टोळी आलीय, असे व्हिडिओ सगळीकडं फिरत होते. पालकांच्या ग्रुपवर मी स्वतः एक टाकला, वर लिहिलं 'पालकांनी काळजी घ्यावी'. सरांनी टाकलं म्हणजे खरंच, गावात एवढी किंमत होती आपल्याला. मग 1 जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, त्याच अफवेपायी जमावानं पाच माणसं ठेचून मारली. भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी होते ते. पुढं वाचलं की तेव्हा फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेच्या जाहिरातीचा शेवट कापून केलेला. माझ्या मेसेजमुळं आमच्याकडं कुणाला खरचटलं नाही, सगळेच पाठवत होते, मोठमोठे अधिकारी सुद्धा, हे मी स्वतःला शंभरदा सांगून झालंय. तरी ते पाच जण डोक्यातनं जात नाहीत. मी एक प्रश्न विचारला नव्हता, कुठला व्हिडिओ, कधीचा, कुणी काढला. पुढं शाळेत असेपर्यंत दर शनिवारी एक फॉरवर्ड फळ्यावर लिहायचो आणि पोरं त्याची चिरफाड करायची. कुणी म्हणायचं सर, तारीखच नाही. कुणी म्हणायचं, गाव कुठलं ते तरी सांगा.

आता तुझ्या शाळेचं बघू. दिवाळी झाली की तुझ्याकडचे निम्मे आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या ऊसतोडीला जाणार, पोरं आजीकडं नाहीतर हंगामी वसतिगृहात. आमच्याकडंही तेच. पाचवीतल्या एका पोरानं एकदा भागाकार चालू असताना मध्येच विचारलं, सर, एका टनात मोळ्या किती? मला कुठं माहीत. तिथल्या तिथं ग्रुपवर त्याच्याच आवाजात पाठवलं. रात्री फडावरनं आल्यावर कोप्यांमधनं, त्यांच्या झोपड्यांमधनं, अकरा उत्तरं आली, सांगलीवरनं, कोल्हापूरवरनं, एक पार बेळगावकडनं. कुणी म्हणालं पन्नास, कुणी सत्तर, एक आई म्हणाली बांधणाऱ्याच्या अंगावर असतंय बाळा, आणि मग नुसतंच जेवलास का, जेवलास का. दुसऱ्या दिवशी पोरांनी हजार किलोला त्या सगळ्या आकड्यांनी भागलं आणि कुणाच्या आईची मोळी जड त्यावर भांडली. भागाकार तसा मी परत कधी शिकवू शकलो नाही. फोटो एक नाही, रील नाही. त्या वर्षी तपासणीत शेरा मिळाला 'उपक्रमांची नोंद नाही'. मिळू दे. आजही म्हणीन माझंच बरोबर होतं, बायको म्हणते एखादा फोटो काढला असता तर काय बिघडलं असतं, तिचंही खोटं नाही.

तर आधी प्रश्न, मग फोन, आणि प्रश्न पोराचा, तुझा नाही. ग्रुप पालकांच्याच नंबरवर ठेव, व्हॉट्सअॅपला स्वतःचंच 13 वर्षांचं बंधन आहे आणि चौथीतलं पोरगं काही 13 चं नसतं. पोरांचे चेहरे बाहेर टाकायचेच नाहीत, चुलत्याची भाषा वाईट होती पण मुद्दा त्याचा बरोबर होता, जाऊन माफी माग. आणि ते 'फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतात' काढून टाक बाई, तो काय नोटीस बोर्ड आहे? गुड मॉर्निंग येतील, देवाचे फोटो येतील, येऊ दे, त्यातनंच एखादी आई कधीतरी बोलेल. ज्यांच्या घरी फोनच नाही त्यांची जोडी लाव, नाहीतर तुझाच दे दहा मिनिटं. शिक्षणसेवकाच्या सोळा हजाराच्या मानधनात नेटपॅक परवडत नाही हे मला कळतंय, कमी पडलं तर सांग, रिचार्ज मी मारतो, लाजायचं नाही.

सोमवारी वर्गात जाशील तेव्हा पोरांना विचार तुम्हाला काय माहीत करून घ्यायचंय. पहिले दोन दिवस कोणी बोलणार नाही, घाबरू नको. जो पहिला प्रश्न येईल तो मला पाठव, पोराच्याच आवाजात, टाइप करू नको, चष्म्याचा नंबर परत वाढलाय.

तुझा,
सर