ऑल्ट-टॅब दाबलं की भलत्याच वर्कस्पेसवर जातो. काय करावं?

तुमचं काही चुकत नाहीये. तुम्ही लिहिलंय की फेडोरा या लिनक्सवर नोम हा डेस्कटॉप आहे, चार वर्कस्पेस (विंडो वेगवेगळ्या ठेवायचे आभासी पडदे) आहेत, आणि ऑल्ट-टॅब दाबलं की समोरच्याच पडद्यावरची दुसरी विंडो यायची सोडून तुम्ही मेलच्या वर्कस्पेसवर जाऊन पडता. मी पुण्यात घरी बसून मुद्रितशोधन करते आणि याच कळीने माझी एकदा चांगली शोभा केली आहे. टिपणांच्या फाइलमध्ये लिहितेय असं समजून "हा परिच्छेद झोपेत लिहिलाय का?" असं टाइप करून एंटर मारलं. समोर चॅट होती, आणि चॅटवर खुद्द लेखक. "हो, पहाटे तीनला," असं त्यांचं उत्तर आलं, म्हणून निभावलं.

मूळ गोची अशी की नोममध्ये ऑल्ट-टॅब ही विंडो बदलायची कळ नाहीच, ती अ‍ॅप बदलायची आहे. शेवटी कोणतं अ‍ॅप वापरलं तेवढं ती बघते. ते कुठल्या वर्कस्पेसवर आहे याच्याशी तिला घेणंदेणं नसतं. मेल बघून तुम्ही हस्तलिखिताकडे परत आलात, की तिच्या लेखी 'आधीचं' म्हणजे मेलच. शिवाय एकाच अ‍ॅपच्या दोन विंडो असतील तर दोघींचा एकच आयकॉन दिसतो.

सेटिंग्ज, मल्टिटास्किंग, तिथे अगदी खाली 'फक्त चालू वर्कस्पेसमधली अ‍ॅप्स' असा पर्याय आहे. बहुतेक लोक तोच सुचवतील. मला तो पटत नाही, कारण मग दुसऱ्या वर्कस्पेसवरचं काही हवं असलं की ऑल्ट-टॅब तुम्हाला ओळखच दाखवत नाही. एका कळीवर दोन कामं लादण्यापेक्षा दोन कळा ठेवा. मल्टिटास्किंगमध्ये सगळ्या वर्कस्पेसचाच पर्याय राहू द्या. मग सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या पानावर शॉर्टकट बघायची यादी उघडा आणि त्यात नॅव्हिगेशनमध्ये जा. तिथे 'स्विच विंडोज' आणि 'स्विच अ‍ॅप्लिकेशन्स' अशा दोन वेगळ्या ओळी दिसतील. पहिलीला ऑल्ट-टॅब द्या. ही कळ आधीच दुसरीकडे लागली आहे, बदलू का, असं विचारेल, बदला म्हणा. दुसरीला सुपर-टॅब (सुपर म्हणजे विंडोजच्या चिन्हाची कळ). 'स्विच विंडोज' मुळातच चालू वर्कस्पेसपुरतं बघतं आणि प्रत्येक विंडो सुटी दाखवतं. म्हणजे ऑल्ट-टॅब खोलीतल्या खोलीत, सुपर-टॅब घरभर.

पण खरा फरक मला दुसऱ्याच गोष्टीने पडला. नोम वर्कस्पेस लागतील तशा वाढवतं, आणि एखादी रिकामी झाली की काढूनही टाकतं. मग कालची तिसरी आज दुसरी होते आणि डोक्यातला नकाशा बिघडतो. त्याच मल्टिटास्किंगच्या पानावर वर्कस्पेसची संख्या कायमची ठरवून टाका. मी चार ठेवल्या आणि मनातल्या मनात त्यांना पेठांची नावं दिली. बुधवारात हस्तलिखित, कारण पुस्तकं अप्पा बळवंत चौकातच शोभतात. सदाशिवात ब्राउझर, शंका काढायला त्याहून चांगली पेठ नाही. रविवारात बिलं आणि मेल, बोहरी आळीसारखा सगळा घाऊक कारभार. शनिवारात चॅट. हसाल, पण पेठेची जागा बदलत नाही म्हणून हात आपोआप तिथे जातो. सुपर-पेजअप आणि सुपर-पेजडाउनने शेजारच्या वर्कस्पेसवर जाता येतं. त्यातच शिफ्ट मिळवला की समोरची विंडोही बरोबर येते. थेट जायला त्याच नॅव्हिगेशनच्या यादीत पहिल्या चारही वर्कस्पेसना सुपर आणि एफ-१ ते एफ-४ लावा. कंट्रोल-ऑल्टबरोबर एफच्या कळा मात्र नकोत, त्यांनी काळा टेक्स्ट कन्सोल समोर येतो आणि घाबरायला होतं.

शब्दकोशासारखी विंडो सगळीकडे लागते. तिच्या शीर्षकपट्टीवर उजवं क्लिक करून 'ऑल्वेज ऑन व्हिजिबल वर्कस्पेस' निवडा, मग ती तुमच्यामागून फिरते. दुसरा मॉनिटर असेल तर नोम मुळात वर्कस्पेस मुख्य पडद्यापुरत्याच बदलतं आणि दुसरा पडदा होता तसा राहतो. मला हे फार सोयीचं वाटतं, मूळ प्रत तिथे कायम उघडी असते. नको असेल तर तोही पर्याय त्याच पानावर आहे.

एकाच अ‍ॅपच्या विंडो बदलायला ऑल्ट आणि टॅबच्या वरची कळ. मराठी इन्स्क्रिप्ट कळपाट चालू असतानाही ती चालते, कारण नोम तिथलं अक्षर न बघता कळीची जागा बघतं.

ऑफिसात विंडोज असेल तर, तिथे वर्कस्पेसना डेस्कटॉप म्हणतात, ते २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर आले. ऑल्ट-टॅब मुळात चालू डेस्कटॉपपुरतंच असतं, म्हणजे तुमच्या तक्रारीच्या बरोबर उलट. सगळं बघायला विंडोज-टॅब. मॅकवर कमांड-टॅब नोमसारखंच सगळीकडे उड्या मारतं. तिथे वर्कस्पेसना स्पेसेस म्हणतात; निदान 'अलीकडच्या वापराप्रमाणे स्पेसेसचा क्रम बदला' ही खूण आधी काढा, नाहीतर पेठा रोज जागा बदलतील.

नव्या कळांवर बोटं बसायला मला आठवडा लागला. तोवर चॅटची विंडो बंद ठेवली होती.